एकच हार्ड डिस्क, तीन सिस्टिम आणि आमचं खानदान

नागपुरात लग्न ठरलं की फोटोग्राफर ॲडव्हान्सनंतर लगेच दुसरी गोष्ट मागतो ती हार्ड डिस्क, "एक टीबीची घेऊन ठेवा, सगळा डेटा त्यातच देतो." मग घरातलं कोणीतरी बर्डीवर जातं, डिस्क घेऊन येतं आणि तिथून त्या बिचारीची वरात सुरू होते, कारण फोटोग्राफरकडे मॅक, मावशीकडे विंडोजचा डेस्कटॉप, नवरदेवाकडे कंपनीचा लॅपटॉप, माझ्याकडे लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम), आणि वरून सगळ्यांना ते व्हिडिओ हॉलमधल्या टीव्हीवरच पाहायचे असतात. आणि यातल्या निम्म्या ठिकाणी ती डिस्क दिसतच नाही.

आमच्या खानदानात कम्प्युटरचं काहीही अडलं की फोन मलाच येतो (मी अकाउंट्सवाली आहे, कम्प्युटरवाली नाही, पण एकदा कोणाचा प्रिंटर चालू करून दिला की संपलं). मावसभावाच्या लग्नानंतर मावशीचा असाच फोन आला, "अवं, ती डिस्क लावली तर हा फॉरमॅट करा म्हणून राहिला, करू का?" मी म्हटलं, मावशी, हात नको लावू, आहे तशी काढून ठेव, मी येते. प्रतापनगरवरून नंदनवन म्हणजे भर दुपारी काही गंमत नाही, पण गेले, कारण हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं त्या एका डिस्कमध्ये होतं आणि फोटोग्राफर आपल्याकडचा डेटा किती दिवस ठेवतो याची गॅरंटी कोणीच देत नाही.

तो मेसेज खरंच घाबरवणारा आहे. विंडोज म्हणतं, "यू नीड टू फॉरमॅट द डिस्क बिफोर यू कॅन यूज इट", आणि खाली फॉरमॅट डिस्कचं बटण असं समोर ठेवलेलं की माणूस दाबणारच. वाचून वाटतं डिस्क गेली. गेलेली काही नसते, विंडोजला त्यातली मांडणी वाचता येऊन नाही राहिली एवढंच. उलटं केलं, म्हणजे लिनक्सवाली डिस्क मॅकला लावली, की मॅक म्हणतो डिस्क रीडेबल नाही आणि इग्नोर, इजेक्ट, इनिशियलाईज असे पर्याय देतो, त्यातलं इनिशियलाईज म्हणजे सरळ सगळं पुसायच्या रस्त्याला लागणं. लिनक्स "राँग एफएस टाईप, बॅड सुपरब्लॉक" असं काहीतरी बडबडतं जे वाचून कोणालाच काही कळत नाही. तिघंही बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असतात, मला हे वाचता येत नाही. कॅन्सल करा, डिस्क काढा, आणि ती आधी कोणाच्या कम्प्युटरवर चालत होती ते विचारा, एवढंच काम आहे.

कोणती फाइल डिस्कवर कुठे ठेवली, तिचं नाव काय, मोकळी जागा कुठे, हा सगळा हिशेब ठेवायची पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम, आणि ही पद्धत प्रत्येकानं आपापली काढलेली आहे. विंडोजची एनटीएफएस, १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत आलेली. मॅकची आधी एचएफएस प्लस होती, १९९८ ची, मग २०१७ मध्ये मॅकच्या हाय सिएरा व्हर्जनपासून एपीएफएस आली. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ईएक्सटी४, ती २००८ ची. आता कोण कोणाचं वाचतं ते बघा. मॅक एनटीएफएस वाचतो, फोटो उघडतो, कॉपी करून घेऊ देतो, पण त्यावर लिहू देत नाही, म्हणून माझा मॅकवाला भाऊ मला सांगतो, "ताई, डिस्क लॉक झाली", आणि ती लॉक वगैरे काही नसते. लिहायचं असेल तर पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्या नाहीतर फुकटवाल्याची खटपट करा. लिनक्स एनटीएफएसवर वाचतं पण आणि लिहितं पण, आधी एनटीएफएस-३जी नावाचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत समजावून देणारा छोटा प्रोग्राम, होता, २०२१ मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ पासून पॅरागॉन कंपनीनं दिलेला ड्रायव्हर कर्नलमध्येच आला. विंडोजला मात्र मॅकचं काही कळत नाही आणि ईएक्सटी४ पण सहजासहजी कळत नाही, वेगळं काहीतरी टाकावं लागतं. एपीएफएस लिनक्सच्या कर्नलमध्ये नाहीच. म्हणजे सगळ्यात एकलकोंडी डिस्क मॅकवाल्याची, आणि नेमका फोटोग्राफर मॅकवालाच असतो!

बरं मग फॅट३२ ही जुनी पद्धत का नाही, ती तर सगळे वाचतात, टीव्ही वाचतो, गाडीतला स्टिरिओ वाचतो. तर फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि आजकालची लग्नाची फिल्म फोर-केमध्ये असते, ती ४ जीबीत कशी बसणार. काकांनी डेस्कटॉपवर करून पाहिलं, "फाइल इज टू लार्ज" असं आलं आणि काका अडून बसले की जागा तर रिकामी पडली आहे ना, मग टू लार्ज कशाची. जागा असते हो, पण त्या पद्धतीच्या वहीत फाइलच्या साईजचा रकानाच तेवढा आखलेला आहे.

म्हणून फिरणाऱ्या डिस्कसाठी उत्तर एकच, एक्सफॅट. ही मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये काढली, मुळात मेमरी कार्डासारख्या गोष्टींसाठी, आणि कॅमेऱ्यात जी ६४ जीबी आणि त्यावरची एसडीएक्ससी कार्डं असतात त्यांची ठरलेली पद्धत हीच आहे, म्हणजे फोटोग्राफर रोज एक्सफॅट वापरतो आणि तरी डिस्क देताना एपीएफएसची देतो, असो. मॅकमध्ये ती २०१० पासून आहे, १०.६.५ व्हर्जनपासून. लिनक्सचं घोडं पेटंटमुळे अडलेलं होतं, मग ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिचं स्पेसिफिकेशन उघड केलं, त्याच वर्षी कर्नल ५.४ मध्ये पहिला ड्रायव्हर आला आणि २०२० मध्ये ५.७ मध्ये सॅमसंगवाल्यांनी लिहिलेला चांगला ड्रायव्हर आला. त्यामुळे लिनक्सवर एक्सफॅटसाठी अमुक पॅकेज टाका तमुक टाका अशी माहिती दिसली तर तिची तारीख बघा, आता बहुतेक ठिकाणी डिस्क लावली की उघडते. माझा लॅपटॉप जुना आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ त्यात बसत नव्हतं, म्हणून लिनक्स मिंट टाकलं, आणि एक्सफॅटसाठी मला वेगळं काहीच करावं लागलं नाही.

आता इथंच बहुतेक लोक थांबतात, एक्सफॅट करा आणि सुखी राहा. मी नाही थांबत, कारण एक्सफॅटमध्ये एक मोठी उणीव आहे आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ती जास्त जाणवते. तिच्यात जर्नल नाही. इतवारीतल्या जुन्या पेढीवर मुनीम आधी रोजकीर्दीत नोंद करतो आणि मग खतावणीत चढवतो, मधेच उठावं लागलं तरी रोजकीर्द बघून कळतं कुठपर्यंत आलो होतो, तसं एनटीएफएस आणि ईएक्सटी४ ह्या डिस्कच्या हिशेबात काय बदल करणार ते आधी कुठेतरी नोंदवून ठेवतात. एक्सफॅट सरळ खतावणीतच लिहिते. वर फॅट३२ निदान कोणती फाइल कुठे आहे त्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवायची, एक्सफॅट साधारणपणे एकच ठेवते. म्हणजे मे महिन्यात दुपारी सगळ्यांचे कूलर चालू, डेस्कटॉपवर कॉपी चालू, यूपीएसची बॅटरी कधीची मेलेली, आणि लाईट गेली. एनटीएफएस असती तर जी फाइल अर्धी कॉपी झाली ती गेली असती, बाकीचा संसार बहुतेक वाचला असता. एक्सफॅटवर अख्खं फोल्डर गायब झालेलं किंवा नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं आलेली दिसू शकतात. दरवेळी होतं असं नाही. पण होतं तेव्हा रिकव्हरीवाला जो आकडा सांगतो त्यात नवीन डिस्क येते.

लॅपटॉपवाल्यांना लाईटची भीती नाही, त्यांना स्वतःच्या हाताची भीती. लिनक्सवर तर एक फसवी गोष्ट आहे, कॉपीची पट्टी पूर्ण भरते, झालं असं दिसतं, पण प्रत्यक्षात बराच डेटा अजून रॅममध्ये (कम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत) असतो आणि डिस्कवर लिहिणं मागून चालूच असतं. इजेक्ट दाबलं की मग कळतं, "रायटिंग डेटा, डू नॉट अनप्लग" असं येतं आणि मोठी फिल्म असेल तर चांगला चहा होतो तेवढ्यात. पट्टी भरली म्हणून वायर ओढली तर झालं कल्याण. विंडोजनं २०१८ च्या १८०९ व्हर्जनपासून क्विक रिमूव्हल (लिहिणं मागे न ठेवता लगेच उरकायचं) हे डिफॉल्ट केलं आहे, म्हणून तिथं थोडी सूट मिळते, पण मी तिथेही इजेक्ट करते.

आणि मॅकवर याच्या पुढचा भाग. डिस्क नीट न काढता ओढली असेल आणि मग मॅकला लावली तर कितीतरी वेळ ती दिसतच नाही. लाईट लुकलुकत असतो, आतून घरघर आवाज येतो, डेस्कटॉपवर काही नाही. माणूस वैतागून काढतो, परत लावतो, परत काढतो. अरे बाप्पा, मॅक तेव्हा आतल्या आत ती डिस्क तपासून राहिला असतो, ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये एफएससीके एक्सफॅट असं चालू दिसतं, त्याला त्याचं काम करू द्या, दोन टीबीची भरलेली डिस्क असेल तर जेवून या.

एनटीएफएस-लिनक्सच्या जोडीत वेगळीच कटकट आहे, विंडोजचं फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतं, अर्धवट झोप असते, आणि तेव्हा डिस्क लागलेली असेल तर तिच्यावर काम अर्धं आहे अशी खूण राहू शकते. ती डिस्क लिनक्सला लावली की ते एकतर उघडत नाही नाहीतर नुसतं वाचू देतं. लिनक्सचं बरोबरच आहे, दुसऱ्याच्या अर्ध्या कामात हात घालू नये. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा नाहीतर शटडाउनच्या आधी डिस्क इजेक्ट करून काढा.

फॉरमॅट करायचंच असेल तर आधी डेटा दुसरीकडे काढा, एनटीएफएस किंवा एपीएफएसचं एक्सफॅट जागच्या जागी होत नाही, सगळं पुसलंच जातं. मावशीच्या डिस्कचं तेच केलं, भावाचा मॅक नेला, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं आणि मग हात लावला. मी शक्यतो विंडोजवरून फॉरमॅट करते. मॅकवरून करणार असाल तर डिस्क युटिलिटीमध्ये व्ह्यू मेन्यूतून शो ऑल डिव्हाइसेस करा, सगळ्यात वरची ओळ निवडा, मग एक्सफॅटसोबत स्कीमचा (डिस्कचे भाग कसे पाडलेत त्याची नोंद ठेवायच्या पद्धतीचा) पर्याय येतो, तिथे जीयूआयडी पार्टिशन मॅप. ॲपल पार्टिशन मॅप राहिलं तर एक्सफॅट करूनही विंडोजला काही दिसत नाही आणि परत फोन मलाच. एमबीआर ही त्यातलीच जुनी स्कीम, ती जुन्या टीव्हींना बरी पडते पण २ टीबीच्या पुढे जात नाही.

बाकी किरकोळ गोष्टी. नवी डिस्क विंडोजला लावली की ९३१ जीबी दिसते आणि काका म्हणतात दुकानदारानं फसवलं. नाही फसवलं. कंपनी एक टीबी म्हणजे हजार-हजारच्या हिशेबानं मोजते, विंडोज १०२४ च्या हिशेबानं मोजतं, डिस्क तीच. मॅकवर २००९ पासून हजाराचाच हिशेब आहे म्हणून तिथे पूर्ण एक टीबी दिसते आणि काका म्हणतात मॅक चांगला.

मॅकवरून कॉपी केलेल्या डिस्कवर टीव्हीत प्रत्येक व्हिडिओ दोनदा दिसतो, एक चालतो आणि दुसरा लावला की फॉरमॅट नॉट सपोर्टेड. त्या दुसऱ्याच्या नावाच्या सुरुवातीला टिंब आणि खालची रेघ असते, फाइल अगदी चार केबीसारखी चिल्लर, मॅक आपली जास्तीची माहिती त्यात ठेवतो. टिंब-रेघवाल्या तेवढ्या उडवल्या तर व्हिडिओला काही होत नाही. लहान लहान फाइलींचा ढीग एक्सफॅटवर टाकू नका, विंडोजवर मोठी डिस्क एक्सफॅट केली की एकेक खण १२८ केबीचा पडतो, एक केबीची नोट पण तेवढी जागा खाते, माझ्या ऑफिसच्या जुन्या चलनांच्या पीडीएफचं फोल्डर असंच फुगलं होतं, झिप करून टाकलं की झालं. नावात प्रश्नचिन्ह किंवा वेळ लिहिताना टाकतो तो कोलन (:) असेल तर लिनक्सवर चालतं, एक्सफॅटवर कॉपी मधेच अडते.

आणि हे खास आपल्यासाठी, मराठीत नावं देणाऱ्यांसाठी. एक्सफॅट आणि एनटीएफएसमध्ये फाइलचं नाव २५५ अक्षरांपर्यंत चालतं, पण ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हं झाली की खलास, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. फोल्डरला "चि. आणि चि. सौ. कां. यांचा शुभविवाह सीमांतपूजन हळद संगीत रिसेप्शन एडिट केलेले फायनल" असलं नाव दिलं की नवरदेव-नवरीची नावं टाकायच्या आधीच हद्द जवळ आली. लिनक्स नुसतं "फाइल नेम टू लाँग" म्हणतं, इंग्रजीत नावं ठेवणाऱ्याला हे आयुष्यात कधी दिसत नाही.

तर माझी पद्धत आता अशी आहे की फिरती डिस्क वेगळी आणि घरची डिस्क वेगळी. फिरती एक्सफॅट, तिच्यावर जे आहे ते दुसरीकडे असलंच पाहिजे, ती उद्या मेट्रोत राहिली तरी जीव जाणार नाही अशा हिशेबानं. घरची ईएक्सटी४, ती माझ्या लिनक्स लॅपटॉपलाच लागलेली असते आणि कोणाकडे जात नाही, ज्याला पाहिजे त्यानं वायफायवरून घ्यावं. यासाठी सांबा नावाचं सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेलनं १९९२ च्या सुमारास सुरू केलेलं, त्यानं लिनक्सवरचं फोल्डर विंडोजच्या नेटवर्कमध्ये आणि मॅकच्या फाइंडरमध्ये दिसायला लागतं. गंमत म्हणजे नेटवर्कवरून घेताना डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हा प्रश्नच उरत नाही, मॅकला ईएक्सटी४ कळायची गरज नाही, तो फक्त माझ्या लॅपटॉपला फाइल मागतो आणि लॅपटॉप काढून देतो. स्पीड कमी मिळतो, हे खरं. पाचशे जीबी यूएसबी ३ ने दीड तासात होतात ते वायफायवर रात्रभर चालतात, म्हणून थोक माल फिरत्या डिस्कवरून आणि चिल्लर वायफायवरून. भाऊ म्हणतो क्लाउडवर टाक ना सगळं. टाक बाबा, लग्नाचा सगळा रॉ डेटा घरच्या नेटवरून अपलोड कर आणि मला सांग.

फिरत्या डिस्कवर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहून ठेवलं आहे, "एक्सफॅट. फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा." मावशीकडे गेली, काकांकडे गेली, ते वाचून अजून तरी कोणी बटण दाबलेलं नाही.

उन्हाळ्यात मात्र ती डिस्क गाडीच्या डिक्कीत टाकून फिरू नका. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या कागदावर चालवायचं तापमान ३५ डिग्रीपर्यंत लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस, डिक्कीत किती ते देवालाच माहीत. उन्हातून आणलेली डिस्क लगेच लावायची पण नाही, घरात थोडी गार होऊ द्यायची, आणि कूलरच्या समोर ठेवून गार करायची नाही, तिथे पाण्याचे शिंतोडे येतात.

टीव्हीचं तेवढं राहिलं. आमचा टीव्ही जुना आहे, त्याला फॅट३२ आणि एनटीएफएस कळतं, एक्सफॅट नाही. त्यासाठी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह एनटीएफएस करून ठेवला आहे, फिल्म विंडोजवरून त्यात टाकायची आणि टीव्हीला लावायची. मावशीला मात्र तो पेनड्राइव्ह नको, तिला अख्खी डिस्कच पाहिजे, म्हणजे कोणी पाहुणे आले की कोणता पण फोटो काढून दाखवता येतो. तर तिच्यासाठी आता वेगळी एनटीएफएसची डिस्क घ्यावी लागेल, ती तिच्या डेस्कटॉपवर आणि टीव्हीवर दोन्हीकडे चालेल, आणि भावाला आधीच सांगून ठेवते की त्या डिस्कवर तुझ्या मॅकवरून काही लिहिलं जाणार नाही, उगाच लॉक झाली म्हणून फोन करू नको.